तंबाखूविक्रीची वयोमर्यादा : अठरा कीं एकवीस ?

मनुष्याला कांहीं हक्क जन्माबरोबर मिळतात आणि कांहीं वयाबरोबर मिळतात. मत देण्याचा हक्क आपल्या देशांत पूर्वीं एकविसाव्या वर्षीं मिळत असे. १९८९ सालीं अमलांत आलेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें तो अठराव्या वर्षीं मिळूं लागला. मोटार हांकण्याचा परवाना अठराव्या वर्षीं मिळतो. विवाहास वधूचें वय अठरा व वराचें वय एकवीस पूर्ण असावें लागतें. विधानसभेच्या निवडणुकीस उभें राहावयाचें असेल तर पंचविसावें वर्ष पुरें व्हावें लागतें, आणि राज्यसभेसाठीं तिसावें. याच मालिकेंत आणखी एक वय आहे. त्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. तें म्हणजे दुकानांत जाऊन तंबाखू विकत घेण्याचें वय. महाराष्ट्रांत तें अठरा आहे. तें एकवीस करावें किंवा नाहीं, हा प्रश्न गेलीं कांहीं वर्षें देशांत चर्चिला जात आहे, आणि आमच्या सह्याद्रीच्या पलीकडे, कर्नाटकांत, त्याचा निकालही लागला आहे.

प्रश्न वरवर पाहतां कायदेमंडळाचा दिसतो. परंतु ज्यांच्याविषयीं हा कायदा करावयाचा तीं पंधरा ते वीस वर्षांचीं मुलें-मुली कुडाळच्या शाळा-कॉलेजांतूनच शिकत आहेत; आणि ज्यांच्या खिशांतून तंबाखूचा पैसा जातो व ज्यांच्या घरांत तिचें दुःख येतें, ते त्यांचे पालक आहेत. या वार्षिकाचा वाचकवर्गही तोच. म्हणून प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथें मांडून, आम्हांस योग्य वाटणारें उत्तर सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण त्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. बोलण्याच्या ओघांत आपण ‘धूम्रपानाचें कायदेशीर वय’ असें म्हणतों. परंतु अमुक वयाच्या आंतील मुलानें विडी ओढली तर त्याला शिक्षा करावी, असें हा कायदा सांगत नाहीं. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ यांविषयीं केंद्र सरकारनें २००३ सालीं जो कायदा केला, त्याच्या सहाव्या कलमानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास बंदी आहे. तसेंच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारें एक्क्याण्णव मीटरांच्या, आंत ती कोणासही विकण्यास बंदी आहे. अपराधी ठरतो तो विकणारा. घेणारें मूल नव्हे. गिऱ्हाईक अठरा वर्षांचें आहे कीं नाहीं याची खात्री करून घेण्याची जबाबदारीही विकणाऱ्याचीच. त्यानें दुकानावर निदान साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद असा इशाऱ्याचा फलक लावला पाहिजे, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून तंबाखूची विक्री करवितां कामा नये. २०१५ सालच्या बालन्याय कायद्याचें सत्त्याहत्तरावें कलम तर याहूनही कडक आहे : वैद्याच्या आज्ञेवांचून मुलाला तंबाखूचा पदार्थ देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

यावरून एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत यावी. ‘झिला, दुकानार जा नि तंबाखूची पुडी हाड,’ असें सांगून बारा वर्षांच्या मुलाला पिटाळणें आमच्याकडे इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणासच वाटत नाहीं. परंतु पुडी वडिलांसाठीं आहे म्हणून दुकानदार त्या कलमांतून सुटत नाहीं. शिवाय त्या फेरींत मूल दुकानाची वाट, पुडीचें नांव आणि तिची किंमत या तीन गोष्टी शिकून येतें. आणि पुढें कधीं स्वतःसाठीं जाण्याची वेळ आली तर त्याला कोणालाही कांहीं विचारावें लागत नाहीं.

तंबाखू ही मूळची आपल्या देशांतील वनस्पति नव्हे. अमेरिका खंडांतून ती युरोपांत गेली व पोर्तुगीजांच्या जहाजांतून आमच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तेथून ती दक्षिणेंतील राज्यांत पसरली. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापुरास गेला होता, इ. स. १६०४ च्या सुमारास परत येतांना त्यानें तेथून तंबाखू नेली आणि ती ओढण्याच्या उंची साहित्यासह बादशहापुढें ठेविली. दरबारच्या हकिमानें हरकत घेतली कीं, या पदार्थाविषयीं आमच्या ग्रंथांत कांहींच सांगितलेलें नाहीं, तेव्हां तो घेणें बरें नव्हे. त्याचें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं, आणि लौकरच सरदार-दरकदारांत ती प्रिय झाली. त्याच १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूविरुद्ध स्वतः एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. पुढें १६१७ सालीं जहांगीर बादशहानें ती ओढण्यास मनाई केली. एकाची लेखणी व दुसऱ्याचा हुकूम, दोन्ही वायां गेलीं. इतिहासाचा हा धडा आमच्या प्रश्नाचा विचार करितांना विसरून चालणार नाहीं.

तंबाखूचें खरें स्वरूप शास्त्रीय पुराव्यानें सिद्ध होण्यास यानंतर साडेतीनशें वर्षें लागलीं. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल या संशोधकांनीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. आपल्या मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें होतें. तोंडाच्या कर्करोगाचे जितके रोगी तेथें येत तितके पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत दिसत नसत. मुंबईच्या रोग्यांचा अभ्यास करून संघवी, राव व खानोलकर या त्रयीनें १९५५ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या पत्रांत निबंध प्रसिद्ध केला आणि तंबाखू ओढणें व चघळणें या दोहोंचाही तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध मांडला. ‘आम्ही धूर काढीत नाहीं, नुसती तोंडांत धरतों,’ असें म्हणून स्वतःचें समाधान करून घेणारांस हा निबंध म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीं मिळालेलें उत्तर आहे.

आणि आमच्या भागांत तंबाखू म्हणजे मुख्यतः धूर नव्हेच. लावणीच्या दिवसांत बांधावर बसून तळहातावर मळलेली चुना-तंबाखूची चिमूट, आजोबांच्या चंचींतील पान, रापण ओढून झाल्यावर किनाऱ्यावर पेटणारी विडी, आजीची भाजलेली मिश्री आणि पानपट्टीच्या दुकानांत टांगलेल्या रंगीत पुड्यांच्या माळा, अशीं तिचीं अनेक रूपें आहेत. २०१६-१७ सालीं देशभर झालेल्या पाहणींत पंधरा वर्षें व त्याहून अधिक वयाच्या लोकांची विचारपूस करण्यांत आली. त्यांत महाराष्ट्रांतील शेंकडा २६.६ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेतात असें आढळलें. धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ होते, तर धुराविण तंबाखू घेणारे शेंकडा २४.४. (कांहीं जण दोन्ही करतात, म्हणून या दोन आंकड्यांची बेरीज पहिल्याहून अधिक भरते.) याचा अर्थ असा कीं, नुसत्या सिगारेटचें वय वाढविलें आणि पुडीचें तसेंच ठेविलें, तर महाराष्ट्रापुरता तो कायदा दार लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखा होईल. सुदैवानें २००३ च्या कायद्यांत तंबाखूचे सर्वच पदार्थ येतात.

आतां वयाचा संबंध काय, तें पाहूं. तंबाखूंतील निकोटिन नांवाचें द्रव्य धुराबरोबर शरीरांत गेलें म्हणजे कांहीं सेकंदांतच मेंदूपर्यंत पोंचतें आणि क्षणभर बरें वाटावयास लावतें. मेंदूला त्याची संवय झाली कीं, तें मिळालें नाहीं म्हणजे चिडचिड होते, अभ्यासांत लक्ष लागत नाहीं, हुरहूर लागते. आणि ही हुरहूर घालविण्यासाठीं पुन्हा तंबाखू घ्यावी लागते. ज्याला आपण तलफ म्हणतों ती हीच. मनुष्याची उंची सतरा-अठराव्या वर्षीं बहुतेक पुरी होते, परंतु मेंदूची वाढ त्या वेळीं पुरी झालेली नसते. कपाळामागील जो भाग परिणामांचा विचार करतो व मोहाला आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. मोठ्या माडाच्या एखाद्या झांवळीला भुंग्यानें भोंक पाडलें तर माड मरत नाहीं; परंतु रोपाच्या कोंबांतच भुंगा शिरला तर झाडच बसतें. निकोटिनाचेंही तसेंच आहे. चाळिसाव्या वर्षीं तंबाखूची पहिली चिमूट घेणारा मनुष्य आपल्या पाहण्यांत क्वचितच येतो. व्यसनी माणसाला विचारलें तर बहुधा शाळेंतील किंवा कॉलेजांतील दिवसांचीच हकीकत ऐकावयास मिळते. वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणींत तंबाखू सुरू करण्याचें सरासरी वय १८.९ वर्षें आढळलें. म्हणजे कायद्याचें दार जेथें उघडतें, तेथेंच बहुतेक लोक आंत शिरतात.

उलट, या वयांतून जो तसाच पार पडला तो बहुधा कायमचा सुटतो. आणि अडकलेलाही लौकर सुटला तर पुष्कळ वांचतो. इंग्लंडांतील डॉक्टरांनाच पन्नास वर्षें निरीक्षणाखालीं ठेवून २००४ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यावरून असें दिसतें कीं, जन्मभर सिगारेट ओढणाराचें आयुष्य सरासरीनें दहा वर्षांनीं कमी होतें. साठाव्या वर्षीं सोडली तर तीन, पन्नासाव्या वर्षीं सोडली तर सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडली तर जवळजवळ सर्व दहा वर्षें परत मिळतात. हा कोष्टक पालकांनीं आपल्यापुरताही वाचावा.

‘पण अठरा काय आणि एकवीस काय, तीन वर्षांनीं काय बिघडतें ?’ असें कोणी विचारील. या तीन वर्षांचें महत्त्व त्या तीन वर्षांच्या तरुणांपेक्षांही त्यांच्याहून धाकट्या मुलांसाठीं अधिक आहे. आमच्याकडे हायस्कुलांना अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असतात. बारावींतील मुलगा वर्षअखेरीस अठराचा होतो. तो दुकानांत जाऊन कायद्यानें सिगारेट घेऊं शकतो, आणि त्याच पटांगणांत त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारा नववींतील मुलगा चवदा-पंधरा वर्षांचा असतो. धाकट्या मुलाला तंबाखू बहुतेक वेळां मिळते ती अशा मोठ्या सोबत्याकडून. मर्यादा एकवीस झाली म्हणजे कायद्यानें विकत घेऊं शकणारा मनुष्य शाळेच्या आवाराबाहेर गेलेला असतो. कोणी नोकरीसाठीं मुंबईस, कोणी गोव्यास, कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षांत. एकवीस वर्षांच्या मनुष्याची आणि पंधरा वर्षांच्या मुलाची रोजची ऊठबस सहसा नसते. पुरवठ्याची ही सांखळी मधोमध तोडणें, हा या सूचनेचा खरा हेतु आहे.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत नीडहॅम नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्यानें २००५ सालीं आपल्यापुरती मर्यादा एकवीस केली. भोंवतालच्या गांवांनीं केली नाहीं. २००६ ते २०१० या काळांत तेथील हायस्कुलांतील धूम्रपान करणाऱ्या मुलांचें प्रमाण शेंकडा १३ वरून ७ वर आलें. आजूबाजूच्या सोळा गांवांत तें १५ वरून १२ वर आलें. कमी सर्वत्र झालें, परंतु नीडहॅमांत तें जवळजवळ निम्म्यावर आलें. आणि शेजारच्या गांवांत जाऊन घेण्याची सोय असूनही आलें. २०१५ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय विद्वत्संस्थेनें असा अंदाज बांधला कीं, देशभर मर्यादा एकवीस केल्यास, त्या वेळचीं मुलें मोठीं होतील तोंपर्यंत धूम्रपान करणारांची संख्या शेंकडा बारांनीं घटेल. डिसेंबर २०१९ मध्यें तो सर्व देशाचा कायदा झाला. इंग्लंडांत १९०८ सालच्या कायद्यानें ही मर्यादा सोळा होती. ती २००७ सालीं अठरा झाली. श्रीलंकेनें २००६ सालीं एकवीस केली. सिंगापुरानें एकदम उडी न मारतां २०१९ सालीं एकोणीस, २०२० सालीं वीस व २०२१ सालीं एकवीस अशा तीन पायऱ्या चढल्या. न्यूझीलंडानें तर २००९ सालापासून जन्मलेल्या कोणासही केव्हांच सिगारेट विकूं नये असा कायदा २०२२ सालीं केला, पण सरकार बदलतांच २०२४ सालीं तो रद्द झाला. मालदीव बेटांनीं १ जानेवारी २००७ पासून जन्मलेल्यांसाठीं तसाच कायदा नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आणिला.

आमच्या देशांत केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें २०२० सालीं दुरुस्तीचा एक मसुदा केला व २०२१ च्या आरंभीं त्यावर लोकांच्या सूचना मागविल्या. अठराच्या जागीं एकवीस करावें, असें त्यांत सुचविलें होतें. परंतु मसुदा मसुदाच राहिला. तेव्हां कर्नाटकानें निराळा मार्ग धरला. केंद्राच्या कायद्यांत एखादें राज्य आपल्यापुरती दुरुस्ती करूं शकतें. मात्र तीस राष्ट्रपतींची संमति लागते. कर्नाटक विधिमंडळानें २०२४ सालीं अशी दुरुस्ती केली आणि मे २०२५ मध्यें राष्ट्रपतींची संमति मिळून ती अमलांत आली. त्या राज्यांत आतां एकवीस वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकतां येत नाहीं. हुक्क्याचीं दुकानें चालविण्यास बंदी झाली. आणि सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपान करणाराचा दंड दोनशें रुपयांवरून एक हजारांवर गेला.

कुडाळाहून निघून सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढावा, चंदगड तालुका ओलांडावा, कीं बेळगांव जिल्हा लागतो. तेथेंही घराघरांतून आमचीच मराठी बोलली जाते. सोयरिकी इकडच्या तिकडे होतात. विद्यार्थी शिकावयास जातात. परंतु एकोणीस वर्षांच्या ज्या तरुणाला चंदगडचा दुकानदार विनादिक्कत सिगारेट देऊं शकतो, त्यालाच सीमेपलीकडचा दुकानदार दिल्यास गुन्हेगार ठरतो. त्यांतही विशेष हें कीं, विडीच्या तंबाखूसाठीं प्रसिद्ध असलेलें निपाणी याच बेळगांव जिल्ह्यांत आहे. जो जिल्हा तंबाखू पिकवितो, तेथील मुलांना ती तीन वर्षें उशिरां मिळते. आणि जेथें ती पिकत नाहीं, त्या आमच्या सिंधुदुर्गांत ती तीन वर्षें आधीं मिळते! एकाच भाषेच्या दोन गांवांतील मुलांच्या मेंदूंत कांहीं अंतर नाहीं. मग कायद्यांत तें कां असावें, असा प्रश्न सहजच उद्भवतो.

आतां विरुद्ध बाजू. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. अठराव्या वर्षीं ज्याच्या हातीं राज्य कोणीं करावें हें ठरविण्याचा अधिकार दिला, त्याला विडी ओढावी कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं काय ? आक्षेप वजनदार आहे आणि तो हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. परंतु आरंभीं सांगितल्याप्रमाणें, निरनिराळ्या गोष्टींना निरनिराळीं वयें ठरविण्याची पद्धत आपण मान्य केलेलीच आहे. महाराष्ट्रांत कडक मद्याच्या परवान्यासाठीं पंचवीस वर्षें पूर्ण असावीं लागतात, आणि त्यामुळें तरुणांचा मताधिकार हिरावला गेला असें कोणी म्हणत नाहीं. दुसरें असें कीं, चुकीचें मत दिलें तर तें पांच वर्षांनीं बदलतां येतें; लागलेलें व्यसन बदलण्याचें स्वातंत्र्य मात्र व्यसनच हिरावून घेतें. आणि तिसरें, या कायद्यांत तरुणाला शिक्षाच नाहीं. त्याला कोणी पकडीत नाहीं. विक्रेत्याला ‘थांब’ म्हणतात, एवढेंच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत बळकट आहे. अठराचाच कायदा जेथें पाळला जात नाहीं, तेथें एकविसाचा कोण पाळील ? २०१९ सालीं देशांतील तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांतील शेंकडा ८.५ विद्यार्थी तंबाखू घेत होते, आणि धुराविण तंबाखू घेणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती चाखली होती. सिगारेट ओढणाऱ्या दहा मुलांपैकीं सुमारें सात मुलें ती दुकानांतून अथवा टपरीवरूनच विकत घेत होतीं. या मुलांना अठराची भिंत अडवूं शकली नाहीं. ती एकविसापर्यंत उंच केल्यानें कशी अडवील? गुटख्याचा अनुभव याला जोडून सांगतात. महाराष्ट्रानें जुलै २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली. आणि बंदीचा माल पकडल्याच्या बातम्या तेव्हांपासून वर्तमानपत्रांत येतच आहेत.

यावर आमचें म्हणणें असें. दुबळा कायदा हा कायदा नको म्हणण्याचें कारण होऊं शकत नाहीं. तो सबळ करावा, असाच त्याचा अर्थ होतो. मूळ कायद्यांत लहान मुलाला तंबाखू विकल्याचा दंड दोनशें रुपयांपर्यंत आहे. दिवसाच्या विक्रींत तो कोठेंच भरून निघतो. शिवाय सतरा वर्षांचा मुलगा आणि अठरा वर्षांचा मुलगा यांत फरक करणें दुकानदाराला खरोखरच कठीण जातें. पण पंधरा वर्षांचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे असें वाटलें, ही सबब कोणासही पटणार नाहीं. म्हणजे मर्यादा वाढविल्यानें धाकट्या मुलांच्या बाबतींत कायदा पाळणें अवघड न होतां उलट सोपें होतें. गुटख्याचें उदाहरण तर येथें लागूच पडत नाहीं. तेथें माल सर्वांनाच बंद केला; येथें तो कोणालाच बंद होत नाहीं, कांहींना थोडा उशिरां मिळतो.

तिसरा आक्षेप पोटाचा. सोलापुरांत आणि निपाणींत हजारों स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. निपाणीच्या तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं १९८१ सालीं रास्त भावासाठीं मोठें आंदोलन केलें आणि त्यांत गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. अशा लोकांच्या भाकरीवर कायद्यानें पाय देऊं नये, ही भावना आम्हांस मान्य आहे. परंतु वयोमर्यादेनें कोणाचेंही गिऱ्हाईक एका दिवसांत नाहींसें होत नाहीं. आज जो ओढतो तो ओढीतच राहतो. नवीन येणारे कमी होतात. मागणी वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू उतरते, आणि तेवढा अवधि शेतकऱ्याला दुसरें पीक व विडी वळणाऱ्या बाईला दुसरें काम मिळवून देण्यास पुरेसा आहे. मात्र तें मिळवून देण्याची जबाबदारी सरकारनें पत्करली पाहिजे. विडी वळणाऱ्या आईचीही इच्छा आपल्या मुलानें विडी ओढावी अशी नसते, हें वेगळें सांगावयास नको.

या सर्वांचा विचार करून आमचें मत असें झालें आहे कीं, महाराष्ट्रानेंही मर्यादा एकवीस करावी. पण नुसता आंकडा बदलून थांबूं नये. पहिली गोष्ट, ती सर्व प्रकारच्या तंबाखूस सारखीच लागू असावी. दुसरी, तंबाखू विकण्यास स्वतंत्र परवाना असावा व नियम मोडल्यास तो काढून घेतां यावा. कारण दंडापेक्षां परवाना जाण्याची धास्ती दुकानदारास अधिक वाटते. तिसरी, वयाचा पुरावा मागण्याचा परिपाठ पडावा. चवथी, सुट्या सिगारेट व विड्या विकण्यास महाराष्ट्रानें सप्टेंबर २०२० मध्यें जी बंदी केली, ती खरोखर पाळली जावी. मुलाच्या खिशांत पाकिटाचे पैसे नसतात, एका विडीचे असतात. आणि पांचवी, सिंगापुराप्रमाणें हा बदल दरसाल एकेका वर्षानें करावा, म्हणजे लोकांच्या व दुकानदारांच्या अंगवळणीं पडेल. जहांगिराच्या हुकुमाची गत आपल्या कायद्याची होऊं द्यावयाची नसेल, तर एवढी तयारी अवश्य आहे.

कायदा मुंबईंत व दिल्लींत होतो. पाळला जातो तो मात्र गांवच्या दुकानांत व घरांत. म्हणून विद्यार्थ्यांस एक साधा हिशेब घालतों. कोणी दररोज वीस रुपये तंबाखूवर खर्च करतो असें धरा. वर्षाचे सात हजार तीनशें रुपये झाले. तीस वर्षांचे दोन लाख एकोणीस हजार. औषधपाण्याचा खर्च यांत धरलेला नाहीं. हा हिशेब वहींत मांडून घरीं दाखवावा, आणि तो कोणाचा आहे हें सांगूं नये. ज्याचा असेल त्याला तो आपोआप कळेल. शाळेपासून शंभर यार्ड कोठपर्यंत येतात, तें भूगोलाच्या तासाला सांखळी किंवा फीत घेऊन मोजून पाहावें. त्या मर्यादेंत कोणी तंबाखू विकीत असेल तर भांडण न करितां शिक्षकांच्या कानांवर घालावें.

पालकांस आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. तंबाखू आणावयास मुलाला दुकानांत पाठवूं नये; आणि मुलाच्या खिशांत पुडी सांपडली तर प्रथम हात न उगारतां त्याला जवळ बसवावें. तें मूल बहुधा स्वतःच घाबरलेलें असतें. व्यसन सोडूं इच्छिणारासाठीं सरकारनें मोफत दूरध्वनीची सोय केली असून १८००-११-२३५६ हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. तो मुलालाही उपयोगी आहे आणि बापालाही. कायद्याची मर्यादा एकवीस होईल तेव्हां होईल. घराची मर्यादा ठरविण्यास विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाहीं.